सोपानमामांचं ओके

सखूआजी वारली त्या सकाळी डॉक्टर येऊन गेले होते, बायकांची रडारड झाली होती, माणसं बांबू आणायला गेली होती. आणि आमचे शेजारी सोपानमामा गर्दीतून वाट काढत पुढे आले, खाली वाकले आणि म्हातारीच्या नाकाखाली दोन बोटं धरून राहिले. तिचा मुलगा भडकला. "अहो मामा, काय चाललंय? डॉक्टरनं सांगितलंय ना!"

"त्येंनी सांगितलं. म्या बघतूय."

मग त्यांनी बोटं काढली, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "व्हय. गेली."

माणूस असा! दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांची न् आमची भिंत एक. कुठूनतरी बदली होऊन आलेले, बायको मागेच वारलेली, एकटे राहतात, याच्यापलीकडे आम्हांला काही ठाऊक नव्हतं. आमचे हे पार्सल ऑफिसात, मामा रुळांवर. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. मामा रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून निघायचे, आपल्या वाट्याच्या रुळावरची एकेक चावी बघत जायचे, सैल दिसेल ती ठोकायचे, आणि परत येऊन मुकादमाला एकच शब्द सांगायचे. ओके. त्या शब्दाच्या भरवशावर मागून भरलेली गाडी जायची. त्यामुळे हा शब्द दुसऱ्या कुणी उगाच तोंडात घेतला की मामांच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

आणि तेव्हा तर तो गवतासारखा माजला होता बाई! रांजणगावला कंपन्या आल्या, पोरं बसमध्ये बसून ड्युटीला जायला लागली, आणि चहा ओके, ताप ओके, ठरलेलं लग्न ओके नि मोडलेलंही ओके. मामा संध्याकाळी ओट्यावर बसून त्याचे अर्थ लावायचे.

"वैनी, हापिसातला सायेब ओके म्हनला तर समजायचं, उद्या या. ग्यासवाला म्हनला तर टाकी न्हाई यायची. आन् नवरा ओके म्हनला तर त्यानं ऐकलंच न्हाई."

आतून आमचे हे म्हणाले, "ओके, मामा."

"बघा!"

"मग खरं ओके कुणाचं?" मी विचारलं.

"ज्येनं हात लावून बघितलं त्येचं."

'बघितलं का?' हे त्यांचं पालुपद. पोरगं म्हणालं अभ्यास ओके, की मामा वही मागणार. लग्नात आचारी म्हणाला मीठ ओके, की मामा पळी घेऊन पातेल्यापाशी. गणपतीत मांडवातला भोंगेवाला माइकमध्ये 'ओके, ओके' करत होता, तर मामा शिडी चढून वायरीला हात लावून आले. सणसणीत झटका बसला. खाली उतरल्यावर दंड चोळत म्हणाले, "न्हाई ओके." त्या भोंगेवाल्यानं पुढं मामा दिसले की मांडवाची शिडीच लपवायला सुरुवात केली.

आम्ही हसायचो. खोटं कशाला सांगू, त्रासही व्हायचा. घरात येऊन दुधाच्या भांड्यात डोकावणारा माणूस रोज कुणाला आवडेल?

माझी कल्पना तेव्हा कवठ्याच्या पुढे एका वस्तीवर दिलेली. जावई रांजणगावच्या एका कंपनीत परमनंट, मोटारसायकल होती, विहिरीला पाणी होतं. आम्ही देखणं स्थळ म्हणून डोळे मिटून दिली. आमच्या घरी नुकताच फोन बसवला होता, तिकडच्या दुकानातून ती दर रविवारी फोन करायची. मी विचारायची, कशी आहेस गं? ती म्हणायची, ओके आहे आई. मी फोन ठेवून भाताला लागायची. दिवाळीला आली नाही, संक्रांतीला आली नाही. विचारलं की म्हणायची, इकडं काम आहे, बाकी ओके.

अशाच एका रविवारी मामा वाटी परत करायला आले होते. मी फोन ठेवला आणि दारातून आवाज आला, "बघितलं का?"

मला इतका राग आला! म्हटलं, "मामा, ती काय रुळाची चावी आहे का? लेक आहे माझी. तुम्हांला मूल ना बाळ, तुम्हांला काय कळायचं?"

मामांनी वाटी खाली ठेवली, पालथी, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी कुलूप दिसलं. दिवेलागणीला आले ते थेट आमच्या दारात, पायात धूळ, धोतराला काटे. चप्पल न काढता बोलले, "वैनी, पोरीला घिऊन या. उद्याच."

"कुठं गेला होता तुम्ही?"

"शिरूरला गाडी बदलली, कवठ्याला उतरलो, फुडं चालत गेलो. म्हनलं, दौंडचा मामा हाय पोरीचा. सासू म्हनली समदं ओके हाय, बसा. म्या पानी मागितलं."

"मग?"

"आपल्यात पानी कसं आनत्यात? येका हातात तांब्या, येका हातात पेला. व्हय का न्हाई? पोरगी आदी पेला घिऊन आली. ठिवला. मग म्हागारी गेली आन् तांब्या घिऊन आली. दोन्ही येळंला उजवाच हात. डावा पदराखाली." ते थांबले. "म्या पुन्यांदा पानी मागितलं, वैनी. तवाबी तसंच."

दुसऱ्या दिवशी मी आणि हे पहिल्या एसटीनं गेलो. कल्पनाचा डावा खांदा पंधरा दिवसांपूर्वी निखळला होता आणि कुणी तिला दवाखान्यात नेलं नव्हतं. पायरीवरून पडली, असं सासू म्हणाली. कल्पना खाली बघत होती. यांनी आवाज चढवला, जावई मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. मी काही ऐकलं नाही. तिला अंगावरच्या साडीनिशी आणली. दवाखान्यातून हात गळ्यात बांधून घरी यायला दुपार झाली.

थोड्या वेळानं मामा आले. हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं काहीतरी होतं. कागद पिवळा पडलेला, सुतळी नवी. आत साडी, हिरवी, डाळिंबी काठाची. डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"पंचमीला घेतलेली," मामा म्हणाले. "माज्या लेकीला. घोडनदीच्या पल्याड दिली हुती. पोस्टातनं फोन करायची, आबा ओके हाय म्हनायची. सासरा शेजारी हुबा ऱ्हायचा, त्ये मला मागनं कळलं. पंचमीला आनायला जायचं हुतं. त्येच्या आदी चार दिस निरोप आला, स्टोचा भडका झाला म्हनून."

परवा काय बोलले होते मी त्यांना!

मामांना त्याचं काही नव्हतं. ते कल्पनाकडे बघत होते. "घडी मोड, पोरी. कुनीतरी मोडाय पायजे."

एका हातानं तिला नेसता येईना. मामा बाहेर ओट्यावर पाठ करून उभे राहिले आणि मी आत नेसवली. इतकी वर्षं एका घडीत पडलेली, घडीच्या रेघा काही केल्या जाईनात. नव्या साडीत थोरांच्या पाया पडायचं, म्हणून कल्पना बाहेर जाऊन वाकली. मामांनी तिला वाकू दिलं नाही. बऱ्या हाताचं कोपर धरून उभं केलं आणि तिच्या पायांकडे बघत राहिले.

"पायात येतीया," म्हणाले. "जरा वर खोच. माजी उंच हुती."