पारसमलशेठची वाट

"येत्या रविवारपासून माझ्या मळ्यातून एकसुद्धा गळवाला नदीवर जाणार नाही! वाट माझी, मळा माझा, मळ्यातला धुळीचा कणसुद्धा माझा!"

पारसमलशेठनी दुकानाच्या गादीवर बसून असं जाहीर केलं, तेव्हा समोर गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारी होती आणि तिला फक्त पावशेर गूळ हवा होता. तरी ती घाबरून दोन पावलं मागे सरकली.

शेठचा केळीचा मळा होता बरोबर तापीच्या काठावर. एका बाजूला सडक, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधोमध, केळीच्या दोन रांगांमधून गेलेली पायवाट. आठवडाभर या वाटेनं बाया पाण्याला जात. रविवार उजाडला की मात्र सडकेवर सायकली आडव्या व्हायच्या आणि खांद्यावर गळाच्या काठ्या, हातात गांडुळांचे डबे घेतलेली पलटण मळ्यात घुसायची. पुढारी भटू टेलर. सडकेवरच्या पोलीस नाक्याच्या गावात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. सहा दिवस कापड मापायचा आणि सातव्या दिवशी मासे.

शेठ पडले पक्के जैन. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न पिणारे! आपल्या वाटेनं जाऊन लोक जीव मारतात, या विचारानं शनिवारपासूनच त्यांना झोप लागत नसे. त्यात ही मंडळी संध्याकाळी परतताना काठावर काय काय सोडून जात! विड्यांची थोटकं, तुटके दोरे, गंजके डबे, माशांची डोकी, बाटल्या. आणि परवा मजुरीला येणाऱ्या दिवालीबाईचा पाय फुटक्या बाटलीवर पडला. तळवा चांगला चार बोटं चिरला. शेठनी स्वतः बैलगाडी जुंपून तिला डॉक्टरकडे नेलं. परत येताना त्यांचा पारा असा चढला की बैलसुद्धा न हाकता पळाले.

"आता वाटच बंद करतो, दिवालीबाई! काटेरी कुंपण घालतो!"

"मंग आमी पानी कथाईन लयानं, शेठ?" पाय धरून बसलेली दिवालीबाई म्हणाली. "आमले बी तीच वाट शे ना!"

बायांनी पाणी कुठून आणायचं, हे शेठच्या डोक्यात आलंच नव्हतं. पण एकदा जाहीर केलं ते केलं.

रविवारी शेठ स्वतः वाटेत आडवे उभे राहिले. भटू सायकलवरून उतरला.

"शेठ, नदी काय तुमच्या वडिलांची?"

"नदी नसेल, वाट आहे! सातबारा दाखवू?"

"दाखवा की. तोवर आम्ही जाऊन येतो," असं म्हणून भटू काठी सावरत शेठच्या बगलेखालून गेला. मागोमाग सातजण. शेवटच्यानं तर नमस्कारही केला!

शेठनी धुळ्याच्या वकिलाला गाठलं. वकील म्हणाले, "अर्ज करू, पण पुरावा लागेल."

बस्स! पुढच्या सोमवारी सकाळीच शेठ नाकाला उपरणं बांधून काठावर हजर. गडीमाणसाला हे उचलायला सांगायचा धीर कुणाला? स्वतःच वाकून वाकून सगळी घाण एका पोत्यात भरली. सतरा बाटल्या, नऊ डबे, दोऱ्यांचं जाळं आणि चिमट्यानं उचललेलं, डोळे वटारून बघणारं एक माशाचं डोकं. एका बाटलीत तळाशी चार बोटं काहीतरी शिल्लक होतं. ओतून द्यावं असं मनात आलं. पण पुराव्याला हात लावायचा नसतो, एवढा कायदा शेठना ठाऊक होता. बूच घट्ट लावून त्यांनी तीही आत ठेवली.

"अहो, हे घेऊन तुम्ही धुळ्याच्या एस्टीत बसणार?" शेठाणी सज्जनबाईंनी दारातूनच विचारलं. घरात पोतं येऊ देणं शक्यच नव्हतं.

"न्याय मिळवायचा म्हणजे थोडा वास सहन करावा लागतो!"

थोडा? अर्ध्या मैलातच पुढचे दोन बाक रिकामे झाले. कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय आहे, शेठ?"

"कागदपत्रं."

"कधीची?"

एवढ्यात पुढच्या थांब्यावर कोण चढावं? हस्तीमलजी! शेठच्या लेकीचं, कुसुमलतेचं स्थळ त्यांच्या घरी जवळजवळ ठरलेलं. कांद्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारा माणूस! मोकळी जागा पाहून ते नेमके पोत्याशेजारीच बसले.

"या, या, व्याही!" असं म्हणत शेठनी पोत्यावर उपरणं पसरलं.

हस्तीमलजींनी हवा हुंगली. "पारसमलजी, गाडीत काही मेलंय का?"

"पुरावा आहे," शेठ पुटपुटले.

"कुणाचा?"

उत्तर द्यायच्या आत गाडी नाक्यावर थांबली. दिवस दारूबंदीचे. नवं राज्य होऊन वर्ष झालेलं आणि नाक्यावरचे सुकदेव जमादार असे कडक की लोकांच्या औषधाच्या बाटल्याही हुंगून बघत. ते गाडीत चढले, दोन पावलं आले आणि शिकारी कुत्र्यासारखे जागच्या जागी थबकले.

"हे पोतं कुणाचं?"

सगळी गाडी शेठकडे बघू लागली. शेठ उठले, पोतं उचललं आणि तेवढ्यात तळ उसवला. धडाधड, धडाधड! बाटल्या बाकांखालून गडगडत गेल्या. ती चार बोटंवाली फुटली ती नेमकी हस्तीमलजींच्या पायापाशी. आणि माशाचं डोकं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराच्या सोग्यावर जाऊन बसलं.

"अरिहंत! अरिहंत!" म्हणत हस्तीमलजी खिडकीतूनच बाहेर पडायला निघाले. कंडक्टरनं त्यांना दोन्ही पाय धरून आत ओढलं!

चौकीत जबाब सुरू झाला. बाहेर ओट्यावर हस्तीमलजी तोंड फिरवून बसले होते. त्यांची गाडी निघून गेली होती.

"हा माल कुठला?"

"माझ्या मळ्यातला."

"मळा तुमचाच ना?"

"सातबारा आहे!"

"इतर कुणाची जाण्यायेण्याची वाट?"

"मुळीच नाही!" शेठ गरजले. "वाट माझी! धुळीचा कणसुद्धा माझा!"

जमादारांनी टाक दौतीत बुडवला. "म्हणजे बाटल्याही तुमच्याच."

शेठच्या आतून कुठूनतरी बारीक आवाज आला, "भटू टेलरला बोलवा."

समोरच्याच दुकानातून भटू आला, गळ्यात टेप अडकवून. सगळं ऐकलं आणि मिशीत हसला. "डबे, दोरे आमचे. बाटल्या नाहीत. आम्ही चहा पिणारी माणसं. पण वाट वहिवाटीची असली तर काय, कुणीही येईल, कुणीही टाकील. शेठ म्हणतात, खाजगी आहे. मग मी काय बोलू?"

"हसतोस काय!" शेठ एकदम उसळले. आवाज फाटला. "त्या दिवालीबाईचा पाय चिरला तिथे! सात टाके पडले. रोजावर जगणारी बाई घरी बसलीय आणि तुम्हाला मासे सुचतात!"

भटूचं हसू गेलं. "कुणाचा पाय? आम्हाला कुणी सांगितलं नाही, शेठ." गळ्यातला टेप काढून तो बोटांना गुंडाळत राहिला. "बाटल्या टाकणाऱ्यांना आम्ही ओळखतो. मुकाट्यानं शेजारी बसत होतो, हे चुकलं. यापुढे काठ आम्ही झाडू. बाईचा रोजही भरून देऊ."

"ते तुमचं तुम्ही बघा," जमादार म्हणाले. "शेठ, मी काय लिहू?"

शेठनी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कोठडीच्या गजांकडे पाहिलं. मग डोळे मिटून बोलले आणि जमादारांनी लिहून घेतलं, "सदर वाट पूर्वापार वहिवाटीची असून तिच्यावरून कोणीही जाऊ येऊ शकतो." खाली सही. साक्षीदार, भटू. दुसरा साक्षीदार म्हणून हस्तीमलजींना आत बोलावलं, तेव्हा त्यांनी नाक धरून, डाव्या हातानं सही केली.

"सोयरीक राहील," बाहेर पडताना ते म्हणाले, "पण साखरपुड्याला येताना आधी आंघोळ करा."

पुढच्या रविवारी गळवाले आठाचे अठ्ठावीस झाले. वाट वहिवाटीची असल्याचं शेठनी लिहून दिल्याची बातमी भटूच्या दुकानातून पंचक्रोशीत गेली होती. पण खरं सांगायचं तर काठ स्वच्छ राहिला. बाटलीवाल्यांना भटूनं हाकलून लावलं. दिवालीबाईला पंधरा दिवसांचा रोज घरपोच मिळाला आणि बाया पाण्याला निर्धास्त जाऊ लागल्या.

शेठ मात्र सकाळपासून बांधावर येरझारा घालत होते. तेवढ्यात वाटेवरून साध्या कपड्यात सुकदेव जमादार आले. खांद्यावर नवीकोरी काठी, हातात डबा!

"राम राम, शेठ! सुट्टी होती, म्हटलं बघू तुमची वाट. मासे कुठल्या बाजूला जास्त लागतात हो?"

शेठ गडबडले. खरं सांगावं तर हत्या, खोटं सांगावं तर समोर पोलीस! त्यांनी हात जोडले.

"साहेब, वाट लोकांची, नदी सरकारची, मासेही सरकारचेच. त्यांचा जबाब तुम्हीच घ्या!"