पिवळीचं पहिलं बाळंतपण

गंगापूर रोडवर माशांतलं खरं कळतं ते फक्त मला! ड्वार्फ सिक्लिड हा बोटाएवढा मासा घरच्या टाकीत पिल्लं देत नाही, असं सगळे सांगतात. मी मात्र जिद्दीला पेटलो. बारा नर पाळले, त्यातून एक निवडला. कुणाची शेपटी फिकी, कुणाचा पर वाकडा, एक तर नुसताच ढिम्म. बाद, बाद, बाद! उरला तो लालभडक शेपटीचा सरदार. त्याच्यासाठी खालच्या मजल्यावरच्या योगेशकडून मादी आणली.

"स्वतःच्या लग्नासाठी मुलगी बघताना मी इतका विचार केला नव्हता!" असं मी शुभांगीसमोर बोलून गेलो. तिथेच सगळं बिघडलं.

"गणपतीपर्यंत पिल्लं झाली नाहीत, तर ही टाकी योगेशला द्यायची," बायकोने बजावलं. "बाप्पांची जागा अडवून बसलीय!"

"झालीच समज!"

मी टाकीत नारळाची करवंटी उपडी ठेवली, तिला छोटं दार कोरलं. गणपती आठवड्यावर आले आणि मादी एकाएकी हळदीसारखी पिवळी झाली! मी नाचायचाच बाकी होतो. पण नेमक्या तेव्हाच सिन्नरहून माझ्या सासूबाई, कलाबाई, आलेल्या.

"जावईबापू, हिला कावीळ झाली हाय!"

"कावीळ नाही हो आई! करवंटीत अंडी घातलीत तिने. आता पिल्लं होणार."

"आगं बया! पहिलटकरीण हाय?"

"हो, पहिलीच वेळ."

"मंग हा मेला तिच्या दारात काय करतोय?"

सासूबाईंनी सरदाराकडे बोट दाखवायला आणि पिवळीने त्याला कडकडून चावायला एकच गाठ पडली. गडी थेट फिल्टरमागे!

"लय ब्येस केलंस, बाई!" सासूबाई म्हणाल्या.

मी हसत हसत ऑफिसला गेलो. जायला नको होतं! दुपारी शुभांगीचा फोन.

"अहो, आईने पिवळीला माहेरी पाठवलं!"

"माशाला कसलं माहेर?"

"योगेशचं घर! पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणे. अख्खी करवंटी पाण्यासकट पातेल्यात घेतली. पातेल्याला हळदकुंकू लावलं, सोबत खण-नारळ दिला!"

सातपूरच्या ऑफिसातून घरापर्यंत मी गाडी कशी आणली, मला आठवत नाही. योगेशच्या टाकीत पिवळी करवंटीच्या दारात पहारा देत होती, अगदी जन्म तिथेच गेल्यासारखी.

"काका, माझ्या टाकीत होणार म्हणजे पिल्लं माझीच," योगेश दात काढत म्हणाला.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती बाहेर पडली! टाचणीच्या डोक्याएवढी साठ-सत्तर पिल्लं, आईच्या मागे मागे. खरं सांगतो, मला भरून आलं. अख्खी सोसायटी बघायला जमली.

"छान! पण आपल्या टाकीत कुठे झाली?" शुभांगी म्हणाली. "टाकी जाणार!"

योगेश मोजमाप घ्यायला टेपच घेऊन आला. तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला.

"माहेरी बाळंत झाली म्हून पोरं काय माहेरची व्हत्यात? तुझा साई सिन्नरला झाला, मंग तो माझा का गं? पोरं सासरचीच!"

शुभांगीने हार मानली! लग्नानंतर प्रथमच! योगेशने टेप गुंडाळली. टाकी वाचली, बाप्पा शेजारच्या चौरंगावर बसले आणि मी सोसायटीभर छाती काढून फिरलो.

"चला, आता पिवळीला आणि पिल्लांना वर नेतो," म्हणत मी रिकामं पातेलं उचललं.

"ठिवा ते खाली!" सासूबाई कडाडल्या. "सव्वा महिना बाळंतीण हलवायची नाय!"

तेव्हापासून जिंकलेल्या टाकीत सरदार एकटाच फिरतोय. मी रोज संध्याकाळी खाली जातो. सासूबाई रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, म्हणून पिल्लांचा खाऊ घेऊन जातो. योगेशची बायको स्नेहल दार अर्धंच उघडते.

"पाचच मिनिटं हं, काका. बाळंतिणीचा आत्ताच डोळा लागलाय."