लांबूमास्तरांचा आखूड क्यू

"स्वतःचा क्यू असता ना माझ्याकडे, तर साडूभाऊंना टेबलाभोवती पळवून पळवून दमवलं असतं!"

हे वाक्य लांबूमास्तर जेवता जेवता बोलले, तेही सासऱ्यांच्या घरी, साडूभाऊ समोर बसलेले असताना. बोलून झाल्यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला, म्हणजे शब्द परत गिळायची सोयही राहिली नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिवणकामाचे. उंची अशी, की दुकानाचं शटर अर्धं उघडलं तर गिऱ्हाइकांना त्यांचा फक्त सदरा दिसायचा. संध्याकाळी क्लबात जाऊन स्नूकर खेळणं हा त्यांचा एकुलता एक शौक, आणि साडूभाऊंकडून हरणं हा त्या शौकाचा कायमचा शेवट. साडूभाऊंचं प्लायवूडचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे चामडी पेटीतला खास बनवून घेतलेला क्यू, म्हणजे स्नूकरची काठी, होता. मास्तर बिचारे क्लबच्या भिंतीवरचा कुठलाही दांडा उचलायचे. त्यातला एक तर इतका वाकडा होता, की त्यावरून नेम धरला तर कोपऱ्यापलीकडचंही दिसलं असतं!

पण या वेळी प्रश्न नुसत्या इभ्रतीचा नव्हता. प्रश्न कपाटाचा होता.

सासरेबुवा लहान घरात राहायला निघाले होते, आणि त्यांचं लाडकं कपाट तिथे मावत नव्हतं. कपाट कसलं, दारं लावलेला डोंगर! तीन दरवाजे, पुरुषभर आरसा, खाली सिंहाचे पंजे. "दोघांपैकी कुणी न्यायचं ते तुम्हीच ठरवा," म्हातारा डोळे पुसत म्हणाला होता. लगेच दोन्ही जावयांच्या अंगात औदार्य संचारलं.

"साडूभाऊ, पहिला हक्क तुमचा!"

"छे छे! तुम्ही थोरले! तुमच्या घरात शोभेल!"

मास्तरांच्या घरात ते कपाट आलं असतं, तर मास्तरांना बाहेर झोपावं लागलं असतं. साडूभाऊंकडेही तीच गत. शेवटी सासऱ्यांच्या अपरोक्ष ठरलं: रविवारी संध्याकाळी क्लबात एक डाव, आणि हरेल त्याने कपाट न्यायचं.

म्हणून रविवारी दुपारी मास्तर क्यू बनवणाऱ्या कारागिराच्या दारात उभे होते. खिसा बेताचा, स्वप्नं बेताबाहेरची.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. जमिनीवर भुसा, हवेत पॉलिशचा वास, भिंतीला ओळीने टेकलेले क्यू. कारागीर जाड भिंगांचा चष्मा कपाळावर चढवून एका दांड्याला कापडाने घासत होता.

"बघा, हाताळा," तो म्हणाला. "हाताळायला पैसे पडत नाहीत."

मास्तरांनी पहिलाच क्यू उचलला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. फिकट सोनेरी लाकूड, मुठीकडे काळ्या लाकडाची नक्षी, टोकाला चामड्याची नीटस टोपी. त्यांनी एक डोळा मिटून दांड्यावरून नजर फिरवली. सरळ! टेबलावर लोळवून पाहिला. कुठे उड्या नाहीत, हेलकावे नाहीत! मग त्यांनी किंमत विचारली, आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा तो क्यू हलकेच जागेवर ठेवला.

"जरा... खालच्या पायरीतलं दाखवा."

खालची पायरी झाली. तिच्या खालची झाली. शेवटी कारागिराने पार कोपऱ्यातून एक क्यू काढला. "हा घ्या. काम पहिल्यासारखंच. किंमत निम्म्याच्याही खाली."

"यात खोट काय?"

"क्यूत काही नाही. खोट गिऱ्हाइकात होती. ऑर्डर दिली आणि फिरकलाच नाही. माणूस होता एवढा." कारागिराने हात स्वतःच्या छातीपाशी धरला. "त्याच्या मापाने बनवलाय."

मास्तरांनी क्यू जमिनीवर उभा धरला. त्यांच्या हातात तो चमच्यासारखा दिसत होता.

"थोडा वाढवून द्याल का?"

"क्यू वाढवायचा तर लाकूड लागतं, आणि लाकडाला पैसे लागतात. तुम्ही आखूड व्हायला काय लागतं? जरा खाली वाका, बसेल!"

"जरा पोट आत घ्या, बसेल!" हे वाक्य मास्तरांनी स्वतः आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. त्यांनी पैसे मोजले आणि टेबलाशी जाऊन वाकले.

"आणखी खाली," कारागीर म्हणाला. "हनुवटी दांड्याला लागू द्या. डावा हात पुढे. उजवं कोपर वर. आणखी! गुडघा थोडा... वा! आता कसे दिसताय! फोटो काढावा असे!"

त्याच क्षणी मास्तरांच्या पाठीत कुठेतरी 'कट्' असा आवाज झाला.

"झालं ना? उठा आता," कारागीर म्हणाला.

"उठतोय," मास्तर म्हणाले. पण उठले नाहीत. मान हलेना, पाठ हलेना. डावा हात पुढे, उजवं कोपर आभाळाकडे, बूड मागे, हनुवटी खाली. चालू होता तो एकटा कोपराखालचा उजवा हात आणि घड्याळाच्या लंबकासारखी सरकणारी पावलं.

"हात्तिच्या! उसण भरली!" कारागीर म्हणाला. "घाबरू नका. माझ्याकडे लाकूड वाहायची चाकांची फळी आहे, तिच्यावरून घरी सोडतो. तुम्ही हवेशीर उभे राहा, मी मागून घेऊन आलो."

असे मास्तर फुटपाथवर आले. नाक जमिनीकडे, हातात क्यू. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजोबांनी त्यांना पाहिलं आणि थबकले.

"काय हरवलं का हो?"

"कंबर..." मास्तर कळवळले. "कंबर... पट्... पट्कन गेली हो!"

"कंबरपट्टा गेला!" आजोबा ओरडले. "अहो, यांचा कंबरपट्टा गेला!"

"सोन्याचा?" पिशवी घेतलेल्या एका बाईंनी विचारलं.

"मग काय पितळेचा? माणूस केवढा वाकून शोधतोय बघा!"

पाहता पाहता अर्धा रस्ता वाकला. कुणी गाड्यांखाली डोकावलं, कुणी कुंड्या उचलल्या, दोघांनी मिळून गटाराचं झाकण काढलं. मास्तर "अहो, तसं नाही!" म्हणत होते, पण त्यांचं बोलणं थेट फरशीशी होत असल्यामुळे वर कुणाला ऐकू जात नव्हतं. गर्दी पाहून चौकातला हवालदार आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून मास्तरांच्या चेहऱ्यापर्यंत वाकला.

"वजन किती?"

मास्तरांना वाटलं, हा आपल्याला उचलून नेणार. "अठ्ठ्याहत्तर किलो."

हवालदाराने खिशातून वही काढली. "अठ्ठ्याहत्तर... किलो! आणि कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"कंबर ना? जन्मापासून!"

"वडिलोपार्जित," हवालदार गर्दीकडे वळून गंभीरपणे म्हणाला. "कुणावर संशय?"

"या कारागिरामुळे झालं सगळं! यानेच मला वाकवलं!"

फळी ढकलत बाहेर आलेल्या कारागिराची मानगूट हवालदाराने तिथल्या तिथे धरली.

बातमी दोन गल्ल्या ओलांडून मास्तरांच्या दुकानात पोचली, तेव्हा मास्तरीणबाई गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. गळ्यात टेप तशीच ठेवून त्या धावत आल्या.

"अठ्ठ्याहत्तर किलोचा कंबरपट्टा?" त्या कडाडल्या. "मला साधी साखळी घेताना तुमचे हात थरथरतात! कुणाच्या कंबरेसाठी घेतला होतात, सांगा! साऱ्या गावाची मापं पाठ, माझ्या कंबरेचं सांगा बघू!"

"अगं, मी—"

"वर बघून बोला!"

"तेच तर जमत नाहीये!"

"वहिनी, उगाच संशय घेऊ नका," हवालदाराच्या हातात लोंबकळणारा कारागीर म्हणाला. "मास्तर फक्त तिच्यासाठी आले होते. सडपातळ, सरळ. दुसऱ्याच्या नावाची होती, पण यांनी एकदा हात फिरवला आणि सोडवेनाच!"

"कोण ती?" बाई किंचाळल्या.

मास्तरांनी चालू असलेला एकमेव हात, म्हणजे उजवा, हलवून क्यू दाखवला. "ही! ही काठी! आणि पट्टा नाही गं, नुसती कंबर गेली! माझी!"

हवालदाराने कारागिराची कॉलर नीट केली. गटारात उतरलेल्या माणसाने वर येऊन मास्तरांकडे असं काही पाहिलं, की मास्तरांना प्रथमच आपली मान हलत नाही याचं बरं वाटलं.

बाईंचा राग क्षणात वितळला. "अहो, मग डॉक्टरकडे चला ना आधी!"

इतक्यात मास्तरांच्या खिशातला फोन वाजला. बाईंनीच तो काढून कानाला लावला.

"काय, येताय का मास्तर?" साडूभाऊ विचारत होते. "नाही आलात तर डाव सोडला असं धरीन. उद्या सकाळी टेम्पो पाठवतो. कपाटासकट!"

बाईंनी फोन ठेवला. एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग डोळे मिटून हॉलमध्ये ते कपाट उभं करून पाहिलं.

"डॉक्टर उद्याही असतात," त्या म्हणाल्या. "चला क्लबात."

चाकांच्या फळीवर मास्तरांना उभं केलं. पुढून कारागीर ओढत होता, मागून बाई ढकलत होत्या. पुतळ्याची मिरवणूक निघावी तशी वरात क्लबात शिरली. साडूभाऊंच्या हातून क्यूच्या टोकाला लावायचा खडूच पडला.

"हे काय? असं नाही चालणार! नियम आहे, फटका मारताना एक पाय जमिनीला लागला पाहिजे!"

क्लबचा मार्कर, म्हणजे गुण मांडणारा आणि भांडणं सोडवणारा माणूस, दोन्ही हात पाठीमागे बांधून फळीभोवती फिरला. "एक पाय खाली सोडा," त्याने निवाडा दिला. बाईंनी मास्तरांचा डावा पाय फळीवरून खाली ओढला. मास्तर केकाटले. नियम पाळला गेला.

आणि मग जे झालं, ते क्लबात कुणी पाहिलं नव्हतं. मास्तरांना जन्माची खोड होती: फटका मारताच चेंडू कुठे जातो ते पाहायला मान वर करायची. तिथेच सगळं बिघडायचं. आज मान वर व्हायला जागाच नव्हती! बाई फळी सरकवायच्या, कारागीर एक डोळा मिटून नेम जुळवायचा, आणि मास्तरांचा हात शिवणयंत्राच्या सुईसारखा मागेपुढे व्हायचा. टक! लाल आत. टक! निळा आत.

"अहो, जरा उजवीकडे घेऊ?"

"केसभर घे! बस! बस!"

टक!

साडूभाऊंचा घाम टेबलावर टपकायला लागला. तेही कच्चे नव्हते, त्यांनी गुण गाठत आणले. शेवटी टेबलावर उरला एकटा काळा. जो घालेल तो जिंकणार. साडूभाऊंनी फटका मारला आणि चुकला! काळा कोपऱ्याच्या भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला. आता तो मास्तरांचाच होता.

तेवढ्यात दार उघडलं, आणि सासरेबुवा आत आले!

कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं की जावई कपाटावरून खेळताहेत. समोर त्यांना थोरला जावई आपल्याच दिशेने पार कमरेत वाकलेला दिसला.

"पुरे, पुरे, जावईबापू! एवढं वाकू नका! उठा!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "माझ्या जुन्या कपाटासाठी एवढी चुरस? अरे, मला वाटत होतं कुणालाच नकोय ते! जो जिंकेल, त्याला मी स्वतःच्या हाताने किल्ली देणार!"

मास्तरांच्या डोळ्यांसमोर तीन दरवाजे एकदम उघडले. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू असं हसू पसरलं, जसं सांडलेलं तूप पसरतं.

"मी हार मानतो!" ते म्हणाले. "मास्तर, कपाट तुमचं! मन मोठं करायला शिकलोय मी!"

"नाही! नाही!" मास्तर फळीवरून ओरडले. "खेळ पुरा व्हायलाच पाहिजे!"

"शाब्बास!" सासरेबुवा म्हणाले. "याला म्हणतात खिलाडूवृत्ती!"

"अगं, फळी फिरव," मास्तर दातांमधून कुजबुजले. "पार उलटीकडे. काळ्याला स्पर्शसुद्धा होता कामा नये."

बाईंनी फळी फिरवली. पांढरा चेंडू एकीकडे, काळा दुसरीकडे, आणि मास्तरांचा क्यू तिसरीकडे. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून फटका ठोकला.

पांढरा समोरच्या कडेवर आदळला. तिथून बाजूच्या कडेवर. तिथून तिरका पलीकडे. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या. थकत, रेंगाळत, जणू पत्ता विचारत विचारत तो काळ्यापाशी पोचला आणि त्याला हलकेच टेकला.

टप्.

काळा आत!

क्लब दणाणून गेला. साडूभाऊंनी आनंदाने झेप घेऊन मास्तरांच्या पाठीत असा धपाटा घातला, की 'कडाड्' आवाज होऊन मास्तर फळीवर ताडासारखे सरळ झाले. मार्करने टाळ्या वाजवल्या. सासरेबुवांनी किल्ली काढून मास्तरांच्या हातात ठेवली आणि त्यांना मिठी मारून रडले. मास्तरही रडत होते. म्हाताऱ्याला वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. हमालांनी कपाट पाहिलं, जिना पाहिला, एकमेकांकडे पाहिलं आणि "आणखी एक माणूस लागेल," असं म्हणून बिड्या पेटवल्या. मास्तर खिडकीत उभे होते. मान, पाठ, कंबर, सगळं ठणठणीत.

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "आता ताठ उभं राहता येतंय ना? मग उतरा खाली, आणि सिंहाचा एक पंजा धरा!"