काटा हिरव्यात आढळल्याबाबत

टॅक्सीत अग्निशामक सिलिंडर बाळगणे ही जबाबदारीची बाब आहे आणि जबाबदार माणसाने ती आनंदाने पत्करली पाहिजे, असे माझे मत तेव्हाही होते व आजही आहे. त्यामुळे वाहन तपासणी कार्यालयाच्या भिंतीवर 'प्रत्येक टॅक्सीत अग्निशामक साधन बाळगणे सक्तीचे आहे' अशी सूचना झळकली, तेव्हा स्टँडवरील अन्य चालकांनी तिचे ज्या शब्दांत स्वागत केले, ते शब्द येथे उद्धृत करणे मला प्रशस्त वाटत नाही. मी मात्र सूचना शांत चित्ताने वाचली, तिच्यातील आशयाशी पूर्णतः सहमत झालो आणि घरी येऊन पत्नीच्या कानावर घातली.

माझी पत्नी इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरीस आहे. सकाळची माझी पहिली फेरी तिचीच असते.

"अहो, स्टँडवर मिळतो तो सिलिंडर आणू नका हं," ती म्हणाली. "तुमच्या त्या वकिलाच्या गाडीतला परवा उचलून बघितला. मला वाटलं थर्मास आहे."

"परंतु तसले सिलिंडर पास होतात," मी निदर्शनास आणले.

"पास व्हायला आणताय की विझवायला? लोकांचं राहू द्या, सकाळी त्या गाडीत मी बसते."

यावर वाद घालण्याजोगे काही नव्हते. मी बाजारातील मोठ्या दुकानात गेलो. दुकानदाराने प्रथम मला माझी मागणी पुन्हा सांगण्याची विनंती केली.

"टॅक्सीसाठी? आणि भरलेला पाहिजे?"

"मग रिकामा घेऊन काय करू?"

"नाही, टॅक्सीवाले तसं सहसा विचारत नाहीत, म्हणून म्हटलं." असे बोलून तो आत गेला आणि बऱ्याच वेळाने एक सिलिंडर फुंकर मारीत बाहेर घेऊन आला. लालबुंद, वजनदार, आणि मानेवरील छोट्या तबकडीत काटा थेट हिरव्या पट्ट्यात. तो काटा पाहून मला अंतःकरणापासून समाधान लाभले. त्या समाधानाची मुदत अल्प होती, हे मला ठाऊक नव्हते.

मुदत संपत आली होती ती माझ्या परवान्याची. तपासणीचा दिवस आणि परवान्याचा अखेरचा दिवस एकच होता. त्या दिवशी गाडी पास न झाल्यास परवाना प्रतीक्षायादीतील पुढील इसमाकडे वर्ग होतो आणि टॅक्सी ही केवळ दारात उभी करण्याची वस्तू उरते. आमच्या घरी आई, पत्नी, दोन मुली आणि मी. पत्नीच्या पगारात घरभाडे भागते. घर भागत नाही. तेव्हा त्या दिवशी गाडीने पास होणे हे माझ्या दृष्टीने जीवनमरणाच्या प्रश्नापेक्षाही तातडीचे होते.

सिलिंडर चालकाच्या डाव्या हाताशी पट्टीने जखडलेला असावा, असा नियम होता. पट्टी कोठे ठोकायची याचा नकाशा कार्यालयाने काढला होता आणि तो नकाशा वाचण्याचा अधिकार फाटकाबाहेरील एका फिटरला दिला होता. फिटरने माझ्या गाडीत वाकून स्टेअरिंगच्या बाजूला खडूने फुली मारली.

"भाऊ, जरा थांब," मी म्हणालो. "त्या पत्र्याच्या मागून वायरी गेल्या आहेत."

फिटरने नकाशा उलगडून पाहिला. "नकाशात वायर नाही."

"नकाशात नसेल, गाडीत आहे ना!"

"काका, तपासणी नकाशाप्रमाणे होते. गाडीप्रमाणे करत बसले तर संध्याकाळपर्यंत एक गाडी पास होणार नाही." एवढे बोलून त्याने ड्रिल चालवले. आतून चर्रर्र असा आवाज आला आणि रेडिओ बंद पडला. "बरं झालं," तो म्हणाला, "रेडिओनं ड्रायव्हरचं लक्ष जातं."

माझ्या पुढे रांगेत वकील होता. हा इसम वस्तुतः टॅक्सीचालकच आहे. परंतु वाहतूक पोलिसांशी त्याने आजवर केलेले युक्तिवाद लक्षात घेऊन स्टँडने त्याला ही पदवी बहाल केली आहे. त्याने माझा सिलिंडर उचलून पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"अरे बाबा, हा भरलेला आहे!"

"आहेच."

"सूचनेत काय लिहिलंय? 'बाळगणे'. भरणे असं कुठं लिहिलंय? तू कशाला जास्त शहाणपणा करतोस? मार खाशील."

"आग विझविण्याच्या साधनात आग विझविण्याचा पदार्थ असणे हा शहाणपणा नव्हे, वकील. ती किमान अपेक्षा आहे."

"जा मग आत. साहेबांना सांग तुझी किमान अपेक्षा."

तपासणी साहेबांच्या खोलीत एक लोखंडी टेबल होते. टेबलाच्या पायाला साखळी होती आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला एक सिलिंडर होता. त्यावर 'मान्य नमुना' अशी चिठ्ठी होती. त्या नमुन्याचा पूर्वेतिहास मला वकिलाकडून कळला होता. योजनेच्या उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांनी तो कळ दाबून वाजविला, उपस्थितांनी टाळ्या वाजविल्या, आतील सर्व पावडर व्यासपीठावर सांडली आणि त्यानंतर त्यास नमुना घोषित करून साखळदंड घालण्यात आला. तेव्हापासून शहरातील प्रत्येक सिलिंडर या सिलिंडराशी ताडून पाहिला जातो.

साहेबांनी माझा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. मग नमुना ठेवला. मग पुन्हा माझा ठेवला आणि चष्मा काढला.

"वजन जास्त आहे."

"भरलेला आहे, साहेब."

"काय भरलंय?"

"पावडर, साहेब."

"कसली पावडर? नमुन्यात पावडर नाही."

"आग विझविण्याची. आणि हे पाहावे, काटाही हिरव्यात आहे."

साहेबांनी काट्याकडे पाहिले, मग नमुन्याच्या काट्याकडे. तो लाल पट्ट्याच्या तळाशी निजला होता.

"नमुन्याचा लाल आहे. तुमचा हिरवा का?"

"साहेब, हिरवा म्हणजे ठीक."

"हिरवा म्हणजे नमुन्यापेक्षा वेगळा," साहेब सौम्यपणे म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "हे बघा, मला तुमच्याबद्दल काही नाही. पण उद्या वरून कोणी आलं आणि म्हणालं, या एकाच गाडीत हिरवा कसा? तर मी काय सांगू? बाकी सगळे चुकले म्हणून सांगू?"

"मग मी काय करावे?"

"नमुन्याप्रमाणे करून आणा. कार्यालय बंद व्हायच्या आत."

मी बाहेर आलो. नवीन 'अग्निसुरक्षा भवना'च्या बांधकामासाठी आवारात वाळूचा ढीग पडला होता; त्याच्या बाजूला भिंतीसमोर मी उभा राहिलो. मनात पत्नीचे वाक्य होते आणि डोळ्यांसमोर परवाना. सरतेशेवटी पिन उपसली आणि कळ दाबली. पांढरा लोट भिंतीवर आदळून असा काही परतला की मी, भिंत आणि बाजूला उभी असलेली साहेबांची मोटार एकरंग झालो. रांगेतील चालक धावत आले.

"अरे, चालतो की हा!" कोणीतरी ओरडले.

"धंद्याच्या आयुष्यात पहिल्यांदा चालणारा बघितला," वकील गदगदून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. पावडर डोळ्यांत गेली होती असे तो नंतर सांगे.

पुन्हा वजन झाले. तंतोतंत. काटा लाल पट्ट्यात आडवा. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पांढरा झालेला हात रुमालाने पुसला आणि काचेवर 'अग्निसुरक्षित' असा शिक्का चिकटविला. परवाना वाढवून मिळाला. मी गाडीत बसलो, सिलिंडर पट्टीत जखडला, किल्ली फिरविली, आणि फिटरने पाडलेल्या छिद्रातून प्रथम धूर व मागोमाग ज्वाळा बाहेर आली.

मी उडी टाकली. आरडाओरडा झाला. साहेब दारात आले आणि त्यांनी जो आदेश दिला, तो कोणत्याही दृष्टीने योग्यच होता. "अग्निशामक आणा!"

आणि वाचकहो, सर्वांनी आणले. असे एकजुटीचे दृश्य मी अन्यत्र पाहिलेले नाही. अवघी रांग आपापला सिलिंडर घेऊन धावली. रांगेची सवय असल्याने धावतानाही कोणी मध्ये घुसले नाही. एकेकाने पुढे यावे, कळ दाबावी आणि बाजूला व्हावे. एकातून शीळ निघाली, एकातून केवळ उसासा, एकातून झुरळ. वकिलाच्या सिलिंडरचे झाकण उघडले, तर आत त्याचे जेवणाचे चमचे होते.

"नमुना!" साहेब किंचाळले आणि आत धावले. त्यांनी नमुना उचलला, साखळी ताणली गेली, टेबल त्यांच्यामागे खडखडत निघाले आणि दाराच्या चौकटीत आडवे अडकले. साहेब बाहेर, टेबल आत, मध्ये साखळी. टेबलाचा ड्रॉवर निसटून पायऱ्यांवर पडला. वकिलाने तो उचलला, वाळूच्या ढिगात खुपसला आणि गाडीत ओतला. मी हाताने, कोणी टोपीने, कोणी रिकाम्या सिलिंडरने कुदळीसारखे खणून, अशी आम्ही वाळू लोटली. आग विझली. गाडीचा दर्शनी भाग काळा झाला. परंतु इंजिन बचावले. डाव्या हाताशी सिलिंडर जागच्या जागी, जराही धक्का न लागता, तकतकीत उभा होता.

लगेच चौकशी झाली. टेबल अद्याप दारात असल्याने ती पायऱ्यांवरच झाली.

"आग लागली तेव्हा साधन गाडीत होतं?" साहेबांनी विचारले.

"होते."

"हाताशी होतं?"

"होते, साहेब."

"नमुन्याप्रमाणे?"

"आपणच तपासले."

"मग आमच्याकडून काही राहिलं नाही," साहेबांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

"साहेब, आग त्या छिद्रामुळे लागली. वायर कापली गेली."

"छिद्र नकाशात आहे. वायर नाही. म्हणजे वायर तुमची."

"आणि माझा परवाना?" मी विचारले.

"त्याला काय धाड भरली? गाडी पास आहे." मग वकिलाकडे वळून ते म्हणाले, "तुम्ही मात्र थांबा. तो ड्रॉवर कोणाला विचारून घेतलात?"

सायंकाळी पत्नी कामावरून परस्पर तेथेच आली. तिने जळका भाग पाहिला. सिलिंडर दोन बोटांनी उचलून पाहिला.

"भरलेला आणला होता ना तुम्ही?"

"होय."

"मग?"

"त्यामुळेच पास होत नव्हता."

वकील मध्यस्थी करण्यासाठी "वहिनी, त्याचं काय आहे..." असे म्हणू लागला, तेव्हा तिने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो ड्रॉवरचा जबाब देण्यास स्वखुशीने निघून गेला. दुसऱ्या दिवशी तिने धुलाईघरातली एक टाकाऊ बादली आणली, वाळूने काठोकाठ भरली आणि पुढच्या सीटखाली ठेवली.

"ही कुठल्या नमुन्यात नाही ना?" ती म्हणाली. "मग हिला रिकामी करा म्हणून कोणी सांगणार नाही."

गाडी दुरुस्त झाली आणि धंदा पूर्ववत सुरू झाला. अशात एके दुपारी एक प्रवासी बसले. कपडे इस्त्रीचे, भाषा नम्र. त्यांनी सिलिंडर पाहिला आणि ते प्रसन्न झाले.

"वा! टॅक्सीत हे असलं की कसं निर्धास्त वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी फोनवर त्याचे छायाचित्र घेतले. छायाचित्रात बादली आली. "हे काय हो? इथं ही घाण कशाला?"

"वाळू आहे, साहेब. आगीसाठी."

"आगीसाठी तो लाल आहे ना?"

मला खोटे बोलवेना. "साहेब, तो रिकामा आहे. चालते ती बादलीच."

मला वाटले, आता हे संतापतील, तक्रार करतील, आणि कदाचित त्यातून काही निष्पन्न होईल. ते संतापले नाहीत.

"रिकामा असू दे हो," ते म्हणाले. "दिसायला तरी बरा आहे. ती बादली किती वाईट दिसते!"

तक्रार मात्र त्यांनी केली. साहेबांनी मला बोलावून ती वाचून दाखविली. सिलिंडरबद्दल त्यात दोन ओळी कौतुक होते. बादलीबद्दल पानभर होते. "परवाना ठेवायचाय की बादली?" साहेबांनी विचारले, आणि खरोखर हळहळून विचारले.

बादली मी काढली. पत्नी आता कामावर चालत जाते. वाटेत माझी गाडी दिसली की ती हात करते, पण बसत नाही.

तक्रारदाराचे नाव नियमानुसार गुप्त ठेवण्यात आले आहे, आणि आरशात मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ते आपणच होता, असे माझे अजिबात म्हणणे नाही. तथापि आपल्या माहितीसाठी नम्रपणे नमूद करतो की, गाडी आता सर्वस्वी आपल्या मनासारखी झालेली आहे. हात दाखवावा, मी थांबेन. पाय ऐसपैस पसरून बसावे. मध्ये काही येणार नाही.