फिल्टरमागच्या बाया

कॉपी-पेस्टमध्ये माझा हात धरणारा माणूस अख्ख्या लोणार तालुक्यात नाही, असं मी गेल्या पौषापर्यंत छातीठोक सांगत होतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही! भाकरीला पाण्याचा हात फिरवावा तशी माझी बोटं फिरायची. आमच्या सुलतानपूरच्या वाचनालयाची सगळी रजिस्टरं मी एकट्यानं कॉम्प्युटरात चढवली. बायको सुचिता शाळेत शिकवते. ती एकदा म्हणाली, "पेस्ट केल्यावर एकदा खाली-वर पाहून तरी घेत जा." मी हसलो. सुगरण कधी आपलीच भाजी चाखून पाहते का?

चाखते, हे मला फार उशिरा कळलं.

झालं असं, की वाचनालयाला पंचवीस वर्षं होत होती. मी ठरवलं, जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या. गावागावांतल्या म्हाताऱ्या गाठायच्या, प्रत्येकीची एक ओवी घ्यायची, तिच्या नावासकट छापून, चौकटीत बसवून, कार्यक्रमात तिच्याच हाती द्यायची! दोन वर्षं मी मोबाईल पुढे धरून फिरलो. अडचण एकच. बायांना ओवी आठवेचना. "हात रिकामा हाय ना," त्या म्हणायच्या. "हात फिरल्याबिगर ओवी कशी येईन?" मग मी एक स्टीलचं ताट सोबत नेऊ लागलो. ताट जमिनीवर पालथं घालायचं, तिनं त्यावर मूठ धरून फिरवायचं, आणि दुसऱ्या फेऱ्याला ओवी विहिरीतल्या बादलीसारखी डुचमळत वर यायची!

सगळ्यात अवघड गेली आमच्याच सुलतानपूरची वच्छलाबाई. सत्तरीपार, वाळल्या शेंगेसारखी हलकी आणि आतून खुळखुळणारी. तीन खेपा घातल्या, तेव्हा ताटावर मूठ ठेवली आणि म्हणाली,

*दळू बसल्या दोघी जावा, एक खुटा दोन हात,*
*कोन्या हाताचं हे पीठ, नाही सांगत परात.*

मी चमकून भिंतीकडं पाहिलं. कारण तिची जाऊ मंजुळाबाई भिंतीपलीकडेच राहते, आणि दोघींमध्ये अकरा वर्षं शब्द नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक! भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले, शेवटी राहिलं एकच जातं. दोघी हटल्या. पंचांनी कंटाळून वरचा दगड मंजुळाबाईला दिला, खालचा वच्छलाबाईला! तेव्हापासून वरचा दगड तिकडे लोणच्याच्या बरणीवर बसलाय, आणि खालच्यावर इकडे धुणं आपटतात. पीठ दोघी गिरणीतूनच आणतात.

"मावशी, वर नाव पूर्ण टाकू ना?" मी विचारलं.

तिनं ताटावरची मूठ उचलली. "नाव? माहं?" मग हळूच म्हणाली, "दारावर त्याहीचं नाव. सातबाऱ्यावर त्याहीचं. तीन पोरींचे लग्नं केले राजू, पत्रिकेत 'श्री. व सौ.' अन् पुढं त्याहीचं नाव. तिन्ही पत्रिकेत म्या नुसती 'सौ.' होती. हे ओवी माह्या नावानं लाव. पूरं नाव लाव. मले वाचता येत नाही, पन येनारेजानारे वाचतीन."

"मावशी, जगबुडी झाली तरी तुमचं नाव चुकणार नाही!"

हे मी बोललो. याच तोंडानं!

आता यादी. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात ओवी. चोवीस बाया. पंचविसावी ओळ माझी स्वतःची: संकलक राजकुमार, गाव सुलतानपूर, आणि ओवीच्या जागी दोन ओळी आभार. एक कार्ड आपल्यालाही हवंच ना! छापायचं काम डोणगावच्या अकीलकडे. यादीतली एक ओळ म्हणजे एक कार्ड, असं त्याचं मशीन. "सर, तुमी फक्त शीट साफ द्या," तो म्हणाला, "बाकी माह्यावर सोडा."

सुलतानपूरच्या बायांनी ओव्यांत शेवटी शेवटी दुरुस्त्या सांगितल्या. त्या मी वेगळ्या पानावर नीट टाईप केल्या. मग मोठ्या यादीला फिल्टर लावला. फक्त सुलतानपूर! बाकी गावं गुप्त. दुरुस्त ओव्यांचा अख्खा गठ्ठा उचलला आणि पहिल्या ओळीवर टाकला. कंट्रोल-व्ही!

पाहतो तर वरच्या ओळी बदलल्या, खालच्या चार-पाच जुन्याच. मला वाटलं, जुना कॉम्प्युटर, धाप लागली असेल. म्हणून जिथं तो थांबला तिथून अख्खा गठ्ठा पुन्हा एकदा टाकला! तेवढ्यात सुचितानं जेवायला हाक मारली. ज्वारीची गरम भाकरी, वांग्याचं भरीत. मी फाईल तशीच अकीलला धाडली. खाली-वर पाहिलं? भरीत गार होऊ द्यायचं का?

दोन दिवसांनी अकीलचा फोन. "सर, शेवटच्या तीन कार्डांवर नावच नाई. नुसती ओवी हाय."

लोकसाहित्याची दोन वर्षं माझ्या डोक्यात चढलेली! मी गंभीर आवाजात म्हणालो, "अकील, अरे, जुन्या ओव्यांना कर्त्याचं नाव नसतंच. लोकगंगा आहे ती. छाप."

"छापतो," तो म्हणाला. "तुमी शिकेल मानसं."

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयापुढं मांडव. कोवळं ऊन, चोवीस म्हाताऱ्या धुवट लुगड्यांत ओळीनं बसलेल्या, जणू दांडीवर उतरलेल्या चिमण्या. अध्यक्ष वामनराव चाळीस मिनिटं बोलले. वाचनालयासाठी आपण काय काय केलं ते त्यांनी सांगितलं, आणि काय काय करणार तेही सांगितलं. मग सुचिता एकेक चौकट कागदातून काढून वाचू लागली.

पहिली डोणगावची कौशल्याबाई. हिचं आणि सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य. हिनं मला दिलेल्या ओवीत सुनेला मिरचीचं झाड म्हटलं होतं. सूनच तिला एसटीनं घेऊन आलेली, आणि शेजारी मान खाली घालून बसलेली. सुचितानं वाचलं:

*काय करू सोनं-नानं, माही सून माहं सोनं,*
*तिच्या पायानं उजळे घराचं या कोनं-कोनं!*

सुनेनं मान वर केली. डोळे भरले. "आत्याबाई! तुमी... माह्यावर?"

कौशल्याबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मांडवाला छत नव्हतं.

"हाव," कौशल्याबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुह्यावरच. मंग! मले का दुसरी सून हाय?" सून तिच्या गळ्यातच पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या मात्र अर्ध्यावरच थांबल्या. ही ओवी सुलतानपूरच्या बाईची! डोणगावात कशी गेली?

पुढची चौकट अध्यक्षांच्या पत्नी पुष्पांजलीबाईंची. त्यांनी तुळशीची ओवी दिली होती. सुचिता वाचायला लागली आणि अर्ध्यावर तिचा आवाज हसू दाबून चिरकला:

*बोलन्यात मोठा शूर, माहा भोळा भरतार,*
*एक काम सांगा त्याले, मंग निस्तरा चार!*

मग मागच्या बाजूनं जो हशा फुटला, तो पुढं येईपर्यंत वामनरावांचा फेटा हलला! मागे आमच्या सुलतानपूरची गीताबाई कपाळ बडवत होती, "अगं माय, हे तं माही!" पण तिचं ऐकतो कोण?

वामनराव उठले. "म्या कोनतं काम बिघडवलं? एक सांगा!"

पुष्पांजलीबाईंनी शांतपणे चौकट पदराखाली घेतली. "ओवी माही नोहे," त्या म्हणाल्या, "पन राहू द्या आता. छापली तं छापली."

मी सुचिताला डोळ्यांनी खुणावत होतो, थांब, थांब! पण तोवर तिसरी चौकट उघडलेली. मंजुळाबाई. हिनं भावाची ओवी दिली होती. सुचितानं वाचलं:

*दळू बसल्या दोघी जावा, एक खुटा दोन हात...*

दुसऱ्या ओळीची गरजच पडली नाही. वच्छलाबाई उठून उभी राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं जावेच्या तोंडाकडं पाहिलं.

"वरचा दगड नेला," ती म्हणाली. "म्या काही बोलली नाही. आता ओवी बी नेली? तुह्या नावानं लावली?"

"म्या नाही नेली वं!" मंजुळाबाई ताडकन उठली. "म्या तं भावाची देल्ली होती! इचार या राज्याले!"

चोवीस म्हाताऱ्या, दोनशे माणसं आणि एक बायको, सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एवढ्या नजरा मी लग्नातही एकदम झेलल्या नव्हत्या!

"ते... पेस्ट... फिल्टर..." मी म्हणालो.

"माही पाटी काढ," वच्छलाबाई म्हणाली. "माही पाहू दे."

सुचितानं ती काढली. वर ठसठशीत पूर्ण नाव, खाली पुन्हा तीच सोन्याची सून!

"सून?" वच्छलाबाई मटकन खाली बसली. "मले तं तीन पोरीच हायत!"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला होता. जगबुडी तर झाली नव्हती, आणि ओवीवरचं नाव चुकलं होतं. माझ्या जन्मात मला एवढं लहान कधी वाटलं नाही.

कार्डांचं खोकं घेऊन आलेला अकील पुढं आला. त्यानं कॉम्प्युटर उघडला, खाली-वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सर! फिल्टर लावला म्हनून बाया गेल्या नसतात. पडद्यामागं बसेल असतात. पंगतीत पडद्याइकडच्यांसाठी जिलबी मोजून आनली अन् वाढत सुटले, तं पडद्यामागच्यांच्या पानात बी पडतेच ना! इकडं पुरली नाही, म्हनून तुमी पुन्हा पहिल्या जिलबीपासून वाढली! उरल्या त्या रिकाम्या पानांवर. आधी फिल्टर काढा, मंग एकेकीच्या नावापुढं तिची ओवी ठेवा. एवढंच होतं, सर."

"अन् फोनवर मले सांगत होते," तो पुढं म्हणाला, "लोकगंगा!"

मी वच्छलाबाईपुढं जाऊन बसलो. "मावशी, चूक माझी. नवीन कार्ड आणतो. ओवी तुमचीच, नाव तुमचंच."

"कोन म्हनते?" मंजुळाबाई म्हणाली.

सगळ्या माना तिकडं वळल्या.

मंजुळाबाई हळूहळू चालत आली आणि जावेसमोर बसली. जात्याला बसतात तशी, एक पाय लांब सोडून. "माहं पहिलं बाळंतपन झालं," ती म्हणाली. "सव्वा महिन्यानं पहिल्यांदा दळाले बसली. हातात जीव नव्हता. तू म्हनली, नुसता हात ठेव मंजुळे, ओढतो म्या. अन् तू पहिली ओळ म्हनली. दोघी जावा, एक खुटा. याद हाय?"

वच्छलाबाईनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"अन् दुसरी ओळ कोन म्हनली?"

कोवळं ऊन दोघींच्या मधे पडलं होतं, बरोबर जातं ठेवावं एवढ्या जागेवर.

"तू," वच्छलाबाई म्हणाली. "कोन्या हाताचं हे पीठ. ते तुही वं. म्या इसरलीच होती." लगेच मान हलवत म्हणाली, "म्या इसरली नव्हती. म्या सांगलं नाही."

आणि मग त्या अकरा वर्षांच्या तहानलेल्या म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून रडल्या, हसल्या, आणि मोकळ्या जमिनीवर हात फिरवत ओवी म्हणाल्या. पहिली ओळ एक, दुसरी ओळ दुसरी.

मी नाक पुसत म्हणालो, "पण मावशी, यादीत एका ओवीपुढं एकच नाव बसतं..."

"काऊन बे?" मंजुळाबाई कडाडली. "एका जात्याले दोन बाया चालतात, तं तुह्या कॉम्प्युटरले काय झालं?"

अकीलनं खोक्यातून बिननावाची तीन कार्डं काढली. त्यातल्या एकावर तीच ओवी होती. जिलबीचं उरलेलं पान! त्यानं स्केचपेननं वर दोन नावं लिहिली, पूर्ण. वच्छलाबाईनं आपलं नाव कुठलं ते विचारलं आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, शाई ओली असतानाच. म्हणून तिच्या नावाची शेपटी जराशी पसरली आहे. तिला ती आवडते.

लगेच नवं भांडण सुरू झालं. चौकट एक, घरं दोन! अकील म्हणाला, "मावशी, दुसरी कॉपी काढतो की." दोघी एकदम ओरडल्या, "कॉपी नको!" शेवटी ठरलं: दिवाळी ते वैशाखातली आखाजी वच्छलाबाईकडे, आखाजी ते दिवाळी मंजुळाबाईकडे. जातं अजून जुळलेलं नाही. लोणच्याच्या बरणीवर ठेवायला दुसरं जड काही मिळत नाही म्हणतात.

बाकीची कार्डं मी दुरुस्त करून घरोघर नेली. फिल्टर काढून, एकेक नाव बोटानं लावून, दोनदा खाली-वर पाहून! पण कौशल्याबाईनं मिरचीच्या झाडाची ओवी दारातूनच परत केली. "हळू बोल," म्हणाली, "सून ऐकीन." पुष्पांजलीबाईंनी तुळशीची ओवी घेतली, पण जुनी परत दिली नाही. गीताबाई म्हणाली, तिकडंच राहू द्या, तिथं शोभते.

राहिलं माझं स्वतःचं कार्ड. ते मांडवात कोणी उघडलंच नव्हतं. पंचविसावी ओळ, दुसऱ्यांदा वाढलेल्या जिलब्यांतली एक तिथंही पडली होती. वर छापलेलं: 'संकलक राजकुमार'. खाली:

*बोलन्यात मोठा शूर, माहा भोळा भरतार,*
*एक काम सांगा त्याले, मंग निस्तरा चार!*

सुचितानं ते स्वयंपाकघरात लावलंय, डब्यांच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. मी दुरुस्त कार्ड पुढं केलं, तर म्हणाली,

"असू द्या हो. तेवढी एकच बरोबर जागी पेस्ट झाली."