नवशिक्यांच्या सोयीचा

तान्हं मूल धरून घरात पाच माणसं होती आणि त्यांपैकी दोघांवर जग वाचवण्याची जबाबदारी होती. ही जबाबदारी दर रविवारी जेवणं आटोपल्यावर सुरू होई आणि चहाच्या वेळी संपे. थोरला, म्हणजे नवरा, योद्धा होता. धाकटा, म्हणजे दीर, जादूगार होता. बाहेरच्या खोलीत दोघे आपापल्या संगणकापुढे कानांवर हेडफोन चढवून बसत, आणि जग वाचेपर्यंत त्यांना कुणी हाक मारू नये असा दंडक होता. एरवी बरणीचं झाकण घट्ट बसलं की मुकाट्याने बरणी दुसऱ्यापुढे सरकवणारा योद्धा तिथे दोन हातांत दोन कुऱ्हाडी परजून उभा असे. जादूगाराची जादू तर घरच्यांच्या परिचयाचीच होती. तो कपडे खुर्चीवर भिरकावी आणि ते धुऊन, घडी होऊन कपाटात प्रकट होत.

उरलेल्या तिघींपैकी एक अजून रांगतही नव्हती. तिला घरात 'चिमटा' म्हणत, कारण हाती लागेल ते दोन बोटांत पकडायचं आणि सोडायचं नाही, हा तिचा बाणा होता. दुसऱ्या सासूबाई. तिसरी चिमट्याची आई. तिला नवरा सोडून सगळे वहिनी म्हणत: दीर, दिराचे मित्र, नवऱ्याच्या कचेरीतली माणसं, दूधवाला आणि एकदा तर बोलण्याच्या ओघात सासूबाईसुद्धा.

चिमटा झाल्यापासून वहिनीने कुठलीच गोष्ट शेवटापर्यंत नेली नव्हती. चहा अर्धा, अंघोळ अर्धी, झोप तर पावही नाही. "मला असं वाटतं की" इथवर ती अनेकदा पोचली होती. काय वाटतं ते अजून कुणाला कळलेलं नव्हतं. ते पाहून एका रविवारी सासूबाई म्हणाल्या की दुपारचा तासभर हिला मी घेते, तू तुझं काहीतरी कर. वहिनीला काय करू नि काय नको असं झालं. मूल त्यांच्या मांडीवर ठेवून ती घाईने म्हणाली, "झोपलीच आहे ती, आई. नुसतं लक्ष ठेवायचं."

सासूबाईंनी तिच्याकडे एकवार पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ लावायला वहिनीला सवड नव्हती. तास सुरू झाला होता.

दुसरी एखादी झोपली असती. वहिनीला झोप नको होती. तिला काहीतरी हाणायचं होतं. कुणाला इजा न होता, मागाहून पुसायला न लागता, मनसोक्त हाणायचं होतं. आणि घरात त्याची सोय फक्त बाहेरच्या खोलीत होती. ती तिथे जाऊन म्हणाली की मलाही खेळायचंय, आणि ते दोन कुऱ्हाडीवाले आहेत ना, ते व्हायचंय.

दोघा भावांनी हेडफोन काढले. जग वाचवताना ते आजवर आगीसाठीही कुणी काढले नव्हते.

दिराने तिचा मोबाइल स्वतःच्या हातात घेतला. नवशिक्याच्या हाती पडदा दिला की तो कुठेही बोट लावतो, असा त्याचा अनुभव होता. खेळात शिरण्याआधी आपला वर्ग, म्हणजे योद्धा, जादूगार वगैरे, निवडावा लागतो, आणि तो एकदा घेतला की वरच्या परवानगीशिवाय बदलत नाही, हे त्याने गंभीरपणे समजावून सांगितलं. मग सदर प्रकरण सेनापतींकडे वर्ग करण्यात आलं. सेनापती म्हणजे नवऱ्याच्या कचेरीतले हेडक्लार्क. आठवडाभर ते आलेली फाइल शेरा मारून परत पाठवत. रविवारी ते अजिंक्य सेनेचे प्रमुख असत आणि तिथेही साधारण तेच करत.

त्यांचा आवाज हेडफोनमधून बारीक चिरकत येत होता. नवीन सदस्याचं सेनेत स्वागत आहे, योद्ध्याचं पद फार जोखमीचं आहे, त्याला वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा वहिनींना नवशिक्यांच्या सोयीचा असा एखादा वर्ग द्यावा, असं ते म्हणाले. सोयीचा असा वर्ग एकच निघाला. वैद्य.

"तुला सोपाच हवा होता ना?" नवऱ्याने विचारलं.

"मी सोपा कधी म्हटलं?"

"म्हणजे, सोपाच बरा." त्याचा आवाज प्रेमाने भरून आला होता. "काही करायचं नसतं गं त्यात. मागे उभं राहायचं आणि सगळ्यांवर नुसतं लक्ष ठेवायचं."

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय असं वहिनीला वाटलं. पण तासातला बराच वेळ गेला होता. तिने एवढंच विचारलं की आधीचा वैद्य कुठे गेला. दीर मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला की त्यांची बदली झाली. आणि त्याच्या आधीचा? त्यांचीही. नाव काय ठेवायचं यावर तिने 'रणरागिणी' सुचवलं, तर ते कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. वैद्याला असलं नाव शोभतही नाही, असं सेनापतींचं मत पडलं. शेवटी दिराने जे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं होतं ते टाकलं. अशा रीतीने, मागच्या रांगेत, हातात वाळक्या फांदीसारखी एक काठी घेतलेली 'वहिनी' सेनेत रुजू झाली.

पहिल्या रविवारी तिला कळलं की वैद्याने सगळ्यांच्या डोक्यावरच्या लाल पट्ट्या बघायच्या, आणि ज्याची आखूड होईल त्याला काठी लावून ती लांब करायची. दुसऱ्या रविवारी कळलं की काठी चालायला मुळ्या लागतात आणि त्या वैद्याने जंगलातून वेचून आणायच्या. ते काम रविवारी करत बसलो तर लढाईचा खोळंबा होतो, म्हणून ते आठवड्यात, सवडीने करून ठेवायचं. पुढे परिपत्रक निघालं की युद्धाआधी गरम रस्सा प्यायल्यास वीरांचं बळ वाढतं, सबब वैद्याने रस्सा शिजवून तयार ठेवावा. चिलखतं उसवली तर शिवणंही त्याच खात्याकडे आलं, कारण सुई वैद्याच्याच पेटीत असते. सगळ्यांची बोचकीही तीच वाहू लागली. ती तशीही मागेच असते आणि तिचे हात मोकळेच असतात, असं दिसून आलं होतं.

लढाई संपली की मृत्यू-आढावा सभा भरे. योद्धा एकटाच राक्षसांच्या गुहेत शिरला होता, आत सोनं आहे का बघायला. ते नव्हतं. राक्षस होते. सभेने सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून मृत्यूचं कारण 'वैद्याचं दुर्लक्ष' असं नोंदवलं. लक्ष ठेवलं तर त्याला कुणी काही म्हणत नाही. चुकलं की मात्र त्याला तत्काळ नाव मिळतं, हे वहिनीला तेव्हा उमगलं.

त्या दिवशी नवरा घुश्श्यातच जेवायला बसला. मान खाली घालून चार घास खाल्ल्यावर म्हणाला, "तू मला मरू दिलंस." वहिनी त्या वेळी एका हाताने त्याला वाढत होती आणि दुसऱ्या खांद्यावर चिमटा होती. तिने त्याची माफी मागितली. काय करणार, ताटात वाढत असताना माणसाशी मरणावरून वाद घालता येत नाही.

पुढच्या रविवारी ऐन रणधुमाळीत आत चिमट्याने टाहो फोडला. वहिनी मोबाइल टाकून धावली. मूल शांत करून परत येते तो अजिंक्य सेना झाडून सारी आडवी पडलेली, आणि बाहेरच्या खोलीत दोन सुतकी चेहरे. चौकशी झाली. यापुढे वैद्याने मुलाच्या रडण्याची पूर्वसूचना किमान एक दिवस आधी द्यावी, असा आदेश निघाला. तो घेऊन येताना दिराला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, वहिनी," तो म्हणाला. "उद्या माझं मूल रडलं तरी मलाही हेच लागू."

त्याचं लग्न व्हायचं होतं.

वहिनीने रीतसर विनंती केली की मला आता कुऱ्हाडी द्या. सेनापतींनी विनंती सहानुभूतीने वाचली. वैद्याला योद्धा होण्यास सेनेची काहीच हरकत नाही, मात्र त्याने आधी आपल्या जागी दुसरा वैद्य आणून द्यावा, कारण लायक वैद्य हल्ली मिळत नाहीत. ते का मिळत नाहीत यावर चिंतन करायला एक समिती नेमली होती. समितीतही वैद्य नव्हता.

मग एका मधल्या वारी, दोघे वीर कचेरीत गेल्यावर, चिमट्याला मांडीवर घेऊन वहिनीने मोबाइल उघडला आणि गुपचूप दुसरा गडी जन्माला घातला. या खेपेला पडदा तिच्या स्वतःच्या हातात होता. योद्ध्याच्या चित्राखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: नवशिक्यांच्या सोयीचा. वैद्याखाली लिहिलं होतं: केवळ मुरलेल्या खेळाडूंसाठी.

तिने ते पुन्हा वाचलं. योद्ध्याला एकच बटण होतं. दाबलं की कुऱ्हाडी फिरत. ती अजून कुठलं बटण राहिलं का ते शोधत असतानाच चिमट्याने पडद्यावर आपला गुबगुबीत पंजा आपटला आणि एक अस्वल मेलं. मग तिने पुन्हा आपटला आणि दुसरं मेलं. चिमटा बोळक्या तोंडाने हसली. ज्या पदासाठी वर्षानुवर्षांचा अनुभव लागत होता, ते दात यायच्या आत तिला साधलं होतं. वहिनीने तिच्या मऊ टाळूचा पापा घेतला आणि नावाच्या चौकटीत लिहिलं: चिमटा.

जेवताना तिने सहज विषय काढला, की ते सोयीचं वगैरे तर योद्ध्याखाली लिहिलंय. नवऱ्याने घास गिळला. "ते खेळाचं मत झालं," तो म्हणाला. "सेनेचं धोरण वेगळं आहे."

त्या रविवारी वैद्याचा रजेचा अर्ज गेला: मुलीला दात येत आहेत. रजा नाराजीने मंजूर झाली. त्याच दुपारी चिमटा नावाच्या एका अनोळखी योद्ध्याने सेनेचं दार ठोठावलं, आणि त्याला कुणी अनुभव विचारला नाही. कुऱ्हाडी आहेत ना? या. नवऱ्याने मात्र भुवया उंचावल्या. "हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय," असं चिमट्याचा बाप म्हणाला, आणि लढाईला लागला.

आतल्या खोलीत, दाराआड, भिंतीला पाठ टेकून वहिनी लढली. काय लढली! कुणाच्या डोक्यावरची पट्टी तिने पाहिली नाही. कुणी काय खाल्लं, कुणाचं काय उसवलं, कोण कुठे धडपडलं, तिला पत्ता नव्हता. समोर राक्षस होता, ती त्याला हाणत होती, आणि तो शेवटी पडला. पुरा पडला. किती महिन्यांनी तिने एक गोष्ट सुरू करून संपवली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला ती थांबली नाही.

चिमट्याच्या पराक्रमाने सेना दिपून गेली. गडी कसलेला दिसतो, याला म्हणतात मर्द, असं दीर म्हणाला. दोन-चार रविवारांत त्याला उपसेनापती करण्याचं घाटू लागलं. पण इकडे वैद्याचे दात काही सरत नव्हते. रस्सा नाही, मुळ्या नाहीत, बोचकी ज्याची त्याने वाहायची. वीर पटापट मरू लागले आणि दोष द्यायलाही कुणी उरलं नाही. सेनेवर असा प्रसंग आजवर आला नव्हता.

तेव्हा सेनापतींचा संदेश चिमट्याच्या पडद्यावर उमटला. वैद्याचं पद रिक्त झाल्याचं जाहीर करण्यात येत असून नियमानुसार ते सर्वांत नव्या सदस्याकडे, म्हणजे आपल्याकडे, येत आहे. तरी कुऱ्हाडी जमा करून काठी घेऊन जावी. खाली ताजा कलम होता: आपण बदली माणूस दिल्यास कुऱ्हाडी आपल्याकडेच राहतील. आपल्या घरी कुणी नवशिकं आहे का?

वहिनीने मान वर केली. खिडकीपाशी सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या. गेले सगळे रविवार त्या तशाच बसल्या होत्या. एक पाय हलत होता, त्यावर चिमटा पेंगत होती, आणि सासूबाईंच्या कानाची पाळी तिच्या दोन बोटांत घट्ट पकडलेली होती.

बाहेर राक्षस यायची वेळ झाली होती.

"आई," वहिनी म्हणाली, "तुमच्या मोबाइलवर एक खेळ घालून देऊ? सोपा आहे हो. तुम्हांला काहीच करायचं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. अगदी पहिल्या रविवारी पाहिलं होतं तस्संच. या खेपेला वहिनीला अर्थ लागला, आणि कुऱ्हाडी हातात असल्यामुळे तिने तो मनाला लागू दिला नाही.

"नुसतं लक्ष ठेवायचं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"दे. जन्मभर तेच केलंय, शिकवायला नको." त्यांनी मुलीच्या बोटांतून हळूच कान सोडवला. "पण मग हिला कोण बघणार?"

दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. घरात कुणीच मोकळं नव्हतं.

म्हणून तर हे सगळं तुमच्या कानावर घातलं. तुम्ही आत्ता निवांत टेकलेले आहात, आणि इतका वेळ झाला तरी तुम्हांला कुणी हाक मारलेली नाही. म्हणजे तुमच्या वाट्याचं कुणीतरी बघतंय. पोर गुणाची आहे, फक्त चिमटे काढते. अनुभवाची अट नाही, नवशिक्यांच्या सोयीचं काम आहे. आणि तुम्हांला जमण्यासारखं नसेल तर उठूही नका. आतून भांड्यांचा आवाज येतोय ना, तिला विचारा. सोपं आहे म्हणावं.