पाच तोळे डिंक

सांगलीच्या महिला मंडळाचं पत्र कराडला आलं तेव्हा त्रिशलाबाई उपाध्ये गच्चीवर शेवयांच्या ताटावर फडकं पसरत होत्या. पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग सून गुणमालाला हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवलं. मंडळाला पंचवीस वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त ‘सुखाचा घरकारभार’ या पुस्तकाच्या लेखिकेचा सत्कार करायचं ठरलं होतं, शिवाय पुस्तकाची नवी आवृत्तीही मंडळ काढणार होतं. शेवटची ओळ अशी होती : ‘समारंभाची सगळी व्यवस्था आपल्याच पुस्तकाबरहुकूम केली आहे.’

ती ओळ बाईंनी दोनदा वाचली. पुस्तक निघालं एकोणीसशे तेरा साली, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. चूल पेटवण्यापासून पाहुण्यांना निरोप देण्यापर्यंत बाईमाणसाला लागेल ते सगळं त्यांनी त्यात लिहिलं होतं. पाचशे प्रती निघाल्या, त्यातल्या बहुतेक लग्नात आहेर म्हणून गेल्या. पुढं छापखाना बंद पडला, यजमान वारले, आणि उपाध्यांच्या घरात कोणी लेखिका राहते हे गाव विसरलं. आता चौसष्ट साल उजाडलं होतं. घरात पुस्तकाची एक प्रतसुद्धा उरली नव्हती. पण त्याचं बाईंना काही वाटत नसे. पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. छापून आल्यावर ते त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं. आपणच लिहिलेलं पुन्हा काय वाचायचं? “एक अक्षर चुकलेलं नाही माझ्या पुस्तकात,” हे मात्र त्या दिवसाआड सांगत. गुणमाला अठ्ठावीस वर्षं ते ऐकत आली होती आणि मान डोलवत आली होती.

ठरल्या दिवशी सासू-सून सकाळच्या एस.टी.नं निघाल्या. बाईंनी वाटेत भाषणाची तीनदा उजळणी केली. इस्लामपूर मागं पडलं तेव्हा त्या ‘माता-भगिनींनो’पाशी होत्या, आष्टा आलं तेव्हा समारोपावर.

सांगलीच्या स्टँडवर मंडळाच्या अध्यक्षीण मनुबाई आणि चिटणीस शालूबाई हार घेऊन उभ्या होत्या. दोघी जरा विचित्र उभ्या आहेत असं बाईंना वाटलं. हार घालायला मनुबाई पुढं आल्या तेव्हा कोणी पत्रावळ चुरगाळावी तसा आवाज झाला. मनुबाईंचं पातळ त्यांच्याबरोबर वळत नव्हतं. आधी मनुबाई वळत, मग थोड्या वेळानं पातळ वळे. शालूबाईंचा पदर खांद्यावरून पाठीवर पडलाच नव्हता. तो मागं फळीसारखा आडवा राहिला होता, आणि त्याला धडकून एक हमाल डोकं चोळत उभा होता.

“तुमच्याच पुस्तकातली खळ, बाई,” मनुबाई अभिमानानं म्हणाल्या. “आमी साठ जणींनी लावलीय. पान एक्केचाळीस.”

बाईंचं ऊर भरून आलं. तरीही त्यांनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की डिंक किती घातलात?

“पुस्तकात हाय तेवढाच. लुगड्याला पाच तोळे. म्हंजे आता अठ्ठावन्न ग्रॅम. शालूबाईनं हिशेब करून समद्यांस्नी वाटला.”

टांग्यात बसल्यावर बाईंनी पुस्तक पाहायला मागितलं. शालूबाईंनी आईच्या पेटीतून काढलेली ती पिवळी प्रत त्यांच्या हातात दिली. बाईंनी चष्मा लावून पान एक्केचाळीस काढलं. ‘पाच तोळा डिंक’ असं तिथं स्वच्छ छापलेलं होतं. त्यांनी लिहिलं होतं पाव तोळा. त्यांचा ‘व’ तरुणपणी जरा ताठ यायचा, यजमान त्यावरून चेष्टा करायचे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं तो ‘च’ वाचला होता. बाईंनी घाईघाईनं पानं चाळली. ‘पाच चमचा सोडा’, ‘पाच तोळा तुरटी’, ‘पाच वाटी मीठ’. जिथं जिथं त्यांचा पाव होता तिथं तिथं पाच होऊन बसला होता. टांगा मंडळाच्या दारात थांबला तेव्हा बाई अजून पानं चाळत होत्या.

मंडळाच्या हॉलमध्ये साठ बायका उभ्या होत्या. मान म्हणून नव्हे, बसता येत नव्हतं म्हणून. जिनं बसायचा प्रयत्न केला तिच्या निऱ्या गुडघ्यापाशी तंबूसारख्या उभ्या राहत आणि तिला समोरचं दिसेनासं होई. पण तक्रार एकीचीही नव्हती. उलट सगळ्या हरखून गेल्या होत्या. असली कडक खळ आपल्या आईला जमली नाही, ती पुस्तकानं जमवली, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. एवढा मोठा आनंद आपल्या एका अक्षरावर उभा आहे, हे बाईंना कळत होतं. सांगावं की न सांगावं? जेवणं झाल्यावर सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

जेवणाला बासुंदी होती. कराडच्या दोघींना पाट मिळाले, बाकीच्या उभ्यानंच जेवल्या. वाट्या फिरू लागल्या तसा जायफळाचा असा घमघमाट सुटला, की बाईंना पान त्रेसष्ट आठवलं. शंभर माणसांच्या बासुंदीला जायफळ पाव तोळा. म्हणजे पुस्तकात काय असणार ते उघड होतं. बाईंनी त्या महिन्यात दुधाचे पदार्थ सोडले होते, त्यामुळं त्यांची वाटी रिकामी राहिली. त्यांनी शेजारी बसलेल्या गुणमालाला कोपरानं ढोसलं आणि बासुंदी घेऊ नकोस म्हणून कानात सांगितलं. गुणमालानं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि दुसरी वाटी मागितली.

दोन वाजता समारंभ सुरू झाला. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापलं होतं. एव्हाना घामानं डिंक ओला झाला, तसं ताठ पातळांनी हार मानली आणि बायका एकदाच्या खुर्च्यांवर बसल्या. खुर्च्यांच्या अभ्र्यांनाही तीच खळ होती. बसलेली बाई उठायला गेली की खुर्ची बरोबर यायची. त्यामुळं उठायचं कोणी नाव काढेना. मग जायफळानं आपलं काम सुरू केलं. पहिल्या रांगेतली एक मान झुकली, तिच्या शेजारणीनं ती खांद्यावर घेतली आणि स्वतःही डोळे मिटले. स्वागतगीत म्हणणाऱ्या चौघींपैकी दुसऱ्या कडव्याला दोघीच उरल्या. मनुबाईंनी अध्यक्षीय भाषण जोरात सुरू केलं. “या माउलीनं आपल्याला शिकवलं,” इथपर्यंत त्या आल्या, काय शिकवलं ते आठवायला म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि ते पुन्हा उघडले नाहीत. टेबलावर हात टेकून त्या उभ्याच झोपल्या. त्यांच्या पातळाची खळ अजून टिकून होती.

त्रिशलाबाईंनी समोर पाहिलं. साठ बायका गाढ झोपल्या होत्या. गुणमाला दुसऱ्या रांगेत तोंड किंचित उघडं टाकून घोरत होती. बाई उठल्या. खुर्चीचा अभ्रा त्यांच्याबरोबर आला, तो तसाच पाठीशी घेऊन त्या पुढं गेल्या. पाठ केलेलं भाषण त्यांना एक शब्द आठवेना. त्यांनी हात जोडले आणि जे होतं ते सांगितलं. पाव होतं ते पाच झालं, चूक जुळाऱ्याची असली तरी पुस्तक उघडून पाहिलं नाही हा गर्व माझा, आणि तुमच्या पातळांचं नुकसान माझ्या हातून झालं, एवढं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. खिडकीतली चिमणी सोडली तर ऐकायला कोणी नव्हतं.

साडेचारला मनुबाईंना जाग आली. त्या दचकल्या आणि उभ्या होत्याच म्हणून टाळ्या वाजवू लागल्या. त्या आवाजानं रांगामागून रांगा जाग्या झाल्या आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाई पुन्हा सगळं सांगायला तोंड उघडणार, तोच बायकांनी त्यांना गराडा घातला. एकजण डोळे पुसत होती. तिनं सांगितलं, की लग्न झाल्यापासून दुपारची अशी पाठ टेकली नव्हती. दुसरी म्हणाली, “आवं, सासू न्हाई, पोरं न्हाईत, लय गाढ झोप लागली बघा. असला कार्यक्रम दर महिन्याला घ्या.” या गर्दीत बाईंची कबुली राहूनच गेली.

परतीच्या एस.टी.नं आष्टा मागं टाकलं. मग बाईंनी पाव-पाचची सगळी हकीकत सुनेला सांगितली. सांगताना तिच्याकडं पाहिलं नाही.

“मला ठाऊक हाय, आत्याबाई,” गुणमाला म्हणाली. “लगीन ठरलं तवा माझ्या आण्णांनी तुमचं पुस्तक आणून दिलं, पाठ कर म्हणाले. मी आईच्या लुगड्याला पाच तोळे डिंक घातला. लुगडं परसात आपल्या पायावर उभं राहिलं. आई म्हणाली, पाव असंल. तवापासनं मी समदीकडं पावच धरते.”

“अठ्ठावीस वर्षं? मग बोलली का नाहीस?”

“तुमी म्हणायचा ना, एक अक्षर चुकलेलं न्हाई.”

पुलावरून गाडी खडखडत गेली. मग बाईंनी विचारलं, “आणि सगळं ठाऊक असून बासुंदी दोन वाट्या कशी खाल्लीस? मी सांगितलं होतं ना?”

गुणमालानं खिडकीबाहेर पाहिलं. “घरात मला दुपारचं कोण झोपू देतंय,” ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी नव्या आवृत्तीची प्रुफं कराडला आली. बाईंनी ती न उघडता गुणमालासमोर ठेवली आणि लाल पेन्सिल तिच्या हातात दिली. चार दिवस गुणमाला माजघरात बसून पान न् पान तपासत होती आणि चार दिवस स्वयंपाक बाईंनी केला. पाचवे दिवशी त्यांनी तपासलेली प्रुफं चाळली. सोडा पाव झाला होता, तुरटी पाव झाली होती, डिंक पाव झाला होता. पान त्रेसष्टावर, बासुंदीच्या जायफळापाशी, लाल खूण नव्हती.

बाईंनी एकवार सुनेकडं पाहिलं. ती खाली मान घालून गहू निवडत होती. बाईंनी चष्मा काढला, प्रुफं पाकिटात घातली आणि पाकीट डिंकानं पक्कं चिकटवून टाकलं.